पार्श्वभूमीतला दोरा



मागच्या महिन्याच्या पत्रिकेत सुरुवातीलाच एका पक्ष्याचा फोटो होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. काळा शराटी. लांब, खाली वळलेली चोच, डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा आणि खांद्यावर पांढरा ठिपका. मागे नुसता मऊ हिरवा रंग, पहाटेच्या शेतासारखा. गटागटांतून केवढे हात जोडून आले, केवढी फुलं आली. बेळगावच्या एका ताईंनी लिहिलं की बघूनच मन शांत झालं. इंदूरच्या एका काकांनी तर तो मोठा छापून दिवाणखान्यात लावला.

आज त्या फोटोबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. कारण तो फोटो पूर्ण खरा नव्हता, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आम्हीच सांगितलेलं बरं.

*काय झालं ते*

पत्रिकेचं काम आम्ही तिघं-चौघं बडोद्यात बसून करतो. आमच्यातल्या एकीच्या बहिणीचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद. उत्तरायणानंतरच्या रविवारी त्यानं सोसायटीच्या मागच्या कडुलिंबावर बसलेल्या शराटीचा फोटो काढला. पक्षी छान आला होता, पण मागचं सगळं बघवत नव्हतं. पाण्याची काळी टाकी, एसीचा खोका, केबलच्या तारा, दोन फाटक्या पतंगी आणि झाडभर लोंबणारे दोरे.

आम्हीच त्याला म्हटलं, "अरे, मागचा हा पसारा काढता येईल का रे?"

तो म्हणाला, "मावशी, दहा मिनिटांचं काम आहे."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की ते चित्रातला मुख्य विषय, म्हणजे इथे पक्षी, आपोआप निवडतं आणि त्याचा एक 'मास्क' तयार होतो. मास्क म्हणजे चित्रावर घातलेला एक काळा-पांढरा पडदा. जिथे पडदा पांढरा तिथलं चित्र दिसतं, जिथे काळा तिथलं झाकलं जातं, जिथे राखाडी तिथलं अर्धवट दिसतं. पक्ष्यावर पांढरा, बाकी सगळीकडे काळा. मग मागे हवा तो रंग, हवं ते आकाश, हवं ते रान ठेवायचं.

यातलं अवघड काम असतं ते कडेचं. पिसांच्या टोकाला बारीक तंतू असतात, ते नीट नाही निवडले तर पक्षी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. जुन्या पार्श्वभूमीचा रंग कडेला राहिला तर पक्ष्याभोवती एक फिकट रेघ उमटते. प्रकाश डावीकडून आणि नवं आकाश उजवीकडून उजळलेलं, असं झालं तरी जाणत्याला लगेच कळतं. आणि पाय. पक्ष्यानं फांदी धरलेली असते, तिथे पक्षी कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं हे ठरवावं लागतं. म्हणून भाच्यानं फांदीचा तेवढा तुकडा ठेवला.

त्या पायापाशीच एक गोष्ट घडली. डाव्या पायाजवळ सॉफ्टवेअरला काही ठरवता येईना. तिथे पडद्यावर राखाडी डाग आला. एक बारीक रेघ पायापासून निघून मागच्या दोऱ्यांत जात होती. ती पक्ष्याची की मागच्या पसाऱ्याची, हे यंत्राला कळत नव्हतं. भाच्यानं विचारलं, "हे काय ठेवू?" आम्ही स्क्रीनकडे नीट न बघताच म्हटलं, "काढ रे, मांजा असेल कुठला तरी." त्यानं ब्रश घेऊन तिथे काळं फिरवलं.

यंत्राला शंका आली होती. आम्हाला आली नाही.

गुरुवारी पत्रिका गेली. संध्याकाळी आपल्यातल्याच एका ताईंचा निरोप आला. त्या दर उत्तरायणाला जखमी पक्ष्यांच्या शिबिरात सेवेला जातात. कौतुकाचा एक शब्द नाही, फक्त एवढंच: "पक्ष्यानं डावा पाय असा आखडून का धरलाय? मूळ फोटो पाठवा."

पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. मूळ फोटो मोठा करून बघितल्यावर दिसलं की त्या दोऱ्याचे दोन वेढे पायाला पडले होते आणि दुसरं टोक फांदीत अडकलं होतं. तो शराटी विसाव्याला बसला नव्हता. बांधला गेला होता.

शुक्रवारी सकाळी ताई, भाचा आणि आम्ही त्या झाडाखाली गेलो. पक्षी नव्हता. दोरा लोंबत होता आणि त्यात एक काळं पीस अडकलेलं होतं. सुटला की पडला की कोणी उचलून नेला, काही कळलं नाही. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. रविवार ते शुक्रवार, मधले चार दिवस तो फोटो आमच्या हातात होता. आणि त्या चार दिवसांत आम्ही काय केलं, तर त्याचा दोरा तेवढा पुसला.

*आधी स्वतःला दिलेली उत्तरं*

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस आम्ही स्वतःची समजूतच घालत होतो. ती उत्तरंही इथे मांडतो, कारण ती कोणाच्याही मनात येतील अशीच आहेत.

पहिलं उत्तर असं की आम्ही खोटं कुठे बोललो? फोटोखाली 'काळा शराटी, बडोदे' एवढंच लिहिलं होतं. पक्षी शराटीच होता, गाव बडोदेच होतं. दुसरं, हेतू चांगला होता. सकाळी पत्रिका उघडणाऱ्याला चार क्षण प्रसन्न वाटावं, एवढंच मनात होतं. तिसरं, सगळेच करतात. आणि चौथं उत्तर आमच्यातल्या वयानं वडील असलेल्या काकांनी दिलं, ते मात्र विचार करायला लावणारं होतं. ते म्हणाले, "अहो, अर्जुनाला द्रोणाचार्यांनी विचारलं तेव्हा त्याला झाड दिसलं नाही, पानं दिसली नाहीत, फक्त पक्षीच दिसला. ती एकाग्रता म्हणून आपण हजार वेळा मुलांना सांगतो. पार्श्वभूमी काढणं म्हणजे तेच की. मग त्यात पाप कसलं?"

या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस अडकलो. उपासनेत आपण तरी दुसरं काय करतो? मागचा गोंगाट बाजूला सारून एकावर मन ठेवतो. मग फोटोत तेच केलं तर चूक का?

हळूहळू लक्षात आलं की आपण इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतोय.

*बघणं आणि बदलणं*

अर्जुनानं झाड बघितलं नाही, पण त्यानं झाड तोडलं नाही. झाडाच्या जागी दुसरं झाडही ठेवलं नाही. कोणी मागून विचारलं असतं, "झाड कसलं होतं?" तर तो मान वर करून सांगू शकला असता. त्याची एकाग्रता त्याच्या डोळ्यांत होती. जगात त्यानं काही फेरफार केला नव्हता.

कॅमेऱ्यातही अशी एकाग्रता असते आणि ती अगदी सरळ असते. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं, पक्ष्याच्या जवळ गेलं आणि पक्ष्यामागची झाडी लांब असली, की मागचं आपोआप धूसर होतं. दोन पावलं डावीकडे सरकलं तर तार पक्ष्यामागून निघून जाते. गुडघ्यावर बसलं तर मागे टाकीऐवजी आकाश येतं. धीर धरला तर पक्षी स्वतःच मोकळ्या फांदीवर येऊन बसतो. यात पसारा जिथल्या तिथे राहतो, आपण फक्त लक्ष कुठे द्यायचं ते ठरवतो.

त्यापुढची पायरी म्हणजे काढून टाकणं, आणि तिच्याही पुढची म्हणजे त्या जागी दुसरंच काही ठेवणं. लक्ष न देणं म्हणजे गप्प बसणं. काढून टाकणं म्हणजे विचारल्यावरही गप्प बसणं. आणि बदलणं म्हणजे बोलणं, जे नव्हतं ते होतं असं सांगणं. आमच्या फोटोतला तो मऊ हिरवा रंग गप्प नव्हता. 'हा पक्षी हिरव्या रानात निवांत बसला आहे,' असं तो बेळगावच्या ताईंना सांगत होता, आणि त्यांनी ते खरं मानलं.

इथे कोणी म्हणेल, मग चित्रकारांचं काय? आमच्या बडोद्यातच सयाजीराव महाराजांसाठी राजा रविवर्म्यानं पौराणिक चित्रं काढली. समोर बसलेल्या माणसांवरून देव-देवता, राजे, ऋषी रंगवले आणि मागे मनातलं रान, मनातला महाल ठेवला. त्याला कोणी खोटारडा म्हणालं नाही. पक्षी ओळखायच्या पुस्तकांतही पक्षी कोऱ्या कागदावर काढलेले असतात, मागे ना झाड ना आकाश. त्यातही फसवणूक नाही.

कारण चित्र तसं वचनच देत नाही. ते हातानं काढलेलं आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. फोटो मात्र न बोलता एक वचन देतो: 'त्या क्षणी, त्या जागी, हे समोर होतं.' आजीला परगावच्या नातवाचा फोटो चित्रापेक्षा जास्त प्रिय असतो तो याच वचनामुळे. वचन दिलंच नसेल तर मोडायचा प्रश्न येत नाही. दिलं असेल तर ते फोटोखालच्या शब्दांत नसलं तरी पाळावं लागतं.

मोठमोठ्यांनाही हे चुकून शिकावं लागलंय. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानं फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या पानात बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. पिरॅमिड खरे, वाळवंट खरं, उंटही खरे. फक्त अंतर खोटं. तरीही वाचकांचा विश्वास दुखावला आणि त्या मासिकाला पुढे ही चूक होती असं मान्य करावं लागलं. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम वन्यजीव छायाचित्रांची जी मोठी स्पर्धा घेतं, तिच्यात फोटोत काही घालायला किंवा त्यातून काही काढायला परवानगी नसते. त्या स्पर्धेत २०१७ साली मुंगीखाऊ प्राण्याच्या एका फोटोला बक्षीस मिळालं होतं. तो प्राणी भुसा भरलेला असल्याचं परीक्षकांचं मत झाल्यावर २०१८मध्ये ते काढून घेण्यात आलं.

*पसारा म्हणजे काय*

पण आमच्या मनाला जे लागलं ते स्पर्धेच्या नियमाचं नव्हतं. आम्ही ज्याला पसारा म्हटलं, तोच त्या पक्ष्याचा खरा प्रश्न होता, हे लागलं.

माळढोक पक्षी बघा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानामुळे आपल्यातल्या अनेकांनी त्याचं नाव ऐकलं असेल. आता हा पक्षी फार थोडा उरला आहे, तोही मुख्यतः राजस्थानात. अंगानं जड, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे उडताना समोरचं नीट दिसत नाही. विजेच्या तारा त्याला उशिरा दिसतात आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. या तारांमुळे माळढोक मरतात म्हणून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२१मध्ये न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याबद्दल आदेश दिले आणि २०२४मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली.

आता त्याच २०२४ साली फोटोशॉपमध्ये एक सोय आली. चित्रातल्या तारा आणि केबल आपोआप शोधून पुसायची. सोय चांगलीच आहे, घराच्या फोटोतली केबल पुसली तर कोणाचं काय जातं? पण समजा, एखाद्यानं माळढोकाचा फोटो काढला आणि मागची तार शोभत नाही म्हणून पुसली. त्यानं पसारा पुसला असं त्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यानं पक्ष्याला मारणारी गोष्टच पुसली.

उलट उदाहरणही आहे. त्याच लंडनच्या स्पर्धेत २०१७ साली एक फोटो अंतिम फेरीत होता. इंडोनेशियाजवळच्या समुद्रात एक इवलासा समुद्रघोडा शेपटीनं कान साफ करायची काडी धरून तरंगतोय. ती काडी म्हणजे कचरा. ती पुसून तिथे समुद्री गवत ठेवलं असतं तर फोटो सुंदर झाला असता आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिला नसता. काडी राहिली म्हणून जगभर लोकांनी तो फोटो बघितला आणि समुद्रातल्या कचऱ्याबद्दल बोलले.

तेव्हा पसारा हे नाव आपण देतो. मागच्या दोऱ्याला 'पसारा' म्हटलं त्या क्षणीच आमचं बघणं संपलं होतं. पडदा सॉफ्टवेअरनं नंतर घातला, आम्ही आधीच घातला होता.

*शंखनाद*

कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला. द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारलं, माझा मुलगा गेला का? युधिष्ठिर म्हणाला, अश्वत्थामा मारला गेला, आणि हळूच 'हत्ती' हा शब्दही म्हणाला. पण तेवढ्यात शंख वाजला आणि तो एक शब्द त्या आवाजात बुडाला.

अक्षरशः बघायला गेलं तर युधिष्ठिर एकही खोटा शब्द बोलला नाही. फक्त एका शब्दावर पडदा पडला. बाकी सगळं स्वच्छ ऐकू आलं. आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

आम्हाला आधी ही शिक्षा फार वाटायची. एवढ्या मोठ्या धर्मराजाला एका अस्पष्ट शब्दासाठी? आता वाटतं, नाही. ऐकणारा बाप होता, आणि जो शब्द त्याला हवा होता तोच झाकला गेला. झाकलेला भाग छोटा की मोठा, यावर काही ठरत नाही. ज्याला त्याची गरज होती त्याच्यापासून तो झाकला का, यावर ठरतं. आमच्या फोटोतही झाकलेला भाग केसाएवढा होता.

*मग सगळं दाखवायचं का?*

इथे थांबलो असतो तर ते एकांगी झालं असतं. कारण सगळं उघडं करणं म्हणजे सत्य, असंही नाही.

पक्षीनिरीक्षकांमध्ये एक शिस्त आहे. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं सापडलं तर त्याची जागा जाहीर करायची नाही. गर्दी झाली तर पक्षी घरटं सोडतात, चोरटेही पोचतात. तिथे झाकणं हा धर्म आहे. घरातलं कोणी आजारी असेल तर त्यांचा अंथरुणावरचा फोटो चाळीस जणांच्या गटात टाकू नये, हेही आपण जाणतो. पाहुणे यायच्या आधी घर आवरतो, त्याला कोणी ढोंग म्हणत नाही. यमांची यादी सांगताना पतंजलींनी अहिंसा आधी ठेवली आणि सत्य त्यानंतर. सत्य बोलताना कोणाला इजा होत नाही ना, हे बघायचं असतं.

मग रेघ कुठे ओढायची? आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं आहे. झाकायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: *हे मी कोणासाठी झाकतो आहे?* ज्याचा फोटो आहे त्याच्या रक्षणासाठी, की बघणाऱ्याच्या आणि माझ्या सोयीसाठी? घरट्याची जागा झाकली तर पक्षी वाचतो. पायातला दोरा झाकला तर फक्त आमची सकाळ प्रसन्न होते. हात दोन्ही वेळा तेच काम करतो, म्हणून हाताकडे बघून काही कळत नाही.

आणि दुसरा प्रश्न, थोडा सोपा: कोणी मूळ फोटो मागितला तर मी तो लगेच देईन का? देताना मान खाली जाणार असेल, तर आधीच काहीतरी चुकलं आहे.

*आपल्या घरातले दोरे*

हे सगळं फक्त फोटोंबद्दल असतं तर एवढं लांबण लावलं नसतं.

आपले हे कौटुंबिक गट बघा. सकाळी सुविचार, दुपारी लग्नाचे फोटो, संध्याकाळी नातवंडांची बक्षिसं. मागचा सगळा पसारा काढलेला. यात कोणी वाईट हेतूनं काही करत नाही. पण गटातली एखादी मावशी रोज 'मी मजेत' म्हणून फूल टाकते, आणि आपण ते फूल बघून पुढे जातो. पाय आखडलेला असतो, तो बघायला थांबत नाही. लग्नासाठी पाठवलेल्या फोटोत मुलीचा रंग उजळलेला, मुलाच्या मागे दुसऱ्याचीच गाडी. एखादा भाऊ भांडणानंतर घरच्या जुन्या फोटोतून कापून टाकलेला, आणि त्या जागी कुंडी. आणि स्वतःकडे बघतानाही तसंच. उपासनेला बसलेला मी पांढऱ्या भागात, आणि सकाळीच कामवाल्या बाईंवर ओरडलेला मी काळ्या भागात.

मास्कची एक चांगली गोष्ट मात्र भाच्यानं आम्हाला दाखवली. मास्क खोडरबरासारखा नसतो. खोडरबरानं पुसलेलं जातं, पण मास्कखाली मूळ चित्र जसंच्या तसं असतं. पांढरा ब्रश फिरवला की टाकी, तारा, दोरा, सगळं परत दिसायला लागतं. आम्ही चौघं त्याच्या मागे उभं राहून बघत होतो. त्यानं पायापाशी ब्रश फिरवला आणि तो दोरा हळूहळू वर आला. कोणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "मावशी, मी तुला विचारलं होतं."

हो. विचारलं होतं त्यानं. त्याला दोष नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहितो.

*आता आम्ही काय करणार*

यापुढे पत्रिकेत फोटोची पार्श्वभूमी बदलणार नाही. उजेड कमी-जास्त केला, कड कापली, तर तेवढं चालेल. शुभेच्छापत्रासाठी किंवा सणाच्या चित्रासाठी काही जोडलं-बदललं, तर खाली स्पष्ट लिहू: 'सजवलेले चित्र'. आणि दर फोटो पाठवायच्या आधी एकदा पूर्ण, कोपऱ्यासकट, मोठा करून बघू.

तुमच्यापैकी जे पक्ष्यांचे फोटो काढतात, विशेषतः मुलं, त्यांना विनंती: सरका, वाका, थांबा, आणि तरीही पसारा आला तर येऊ द्या. तो पक्षी तिथेच राहतो.

उत्तरायण, संक्रांत संपली तरी मांजा झाडांवर महिनोन् महिने राहतो. नायलॉनचा तर कुजतच नाही. राष्ट्रीय हरित प्राधिकरणानं जुलै २०१७मध्ये त्यावर बंदी घातली, तरी फिरक्या येतातच. काच लावलेला सुती मांजाही पंख कापतो. म्हणून आपल्या गच्चीवरचे, अंगणातले, झाडावर हाताला येतील तेवढे दोरे या आठवड्यात गोळा करू या. गोळा करून तुकडे करायचे, नुसते कचऱ्यात टाकायचे नाहीत, नाहीतर तिथेही कोणी अडकतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्षी थव्यानं ये-जा करतात, पुढच्या वर्षी त्या वेळी पतंग खाली ठेवू या.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, त्यानं जखम आणखी खोल जाते. त्याच्यावर हलकं कापड टाका, दोरा दोन्ही बाजूंनी थोडा राखून कापा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. आणि वनखात्याला किंवा जवळच्या पक्षी-बचाव केंद्राला लगेच कळवा. गुजरातेत २०१७पासून जानेवारीत यासाठी करुणा अभियान चालतं. पक्षी उंचावर असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला सांगा.

आजच्या पत्रिकेसोबत शराटीचा मूळ फोटो जोडला आहे. टाकी, तारा, फाटक्या पतंगी, सगळ्यांसकट. डावीकडे खाली मोठा करून बघा, दोरा दिसेल. इंदूरच्या काकांना आम्ही फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हाच पाठवा छापायला. तो काढून हा लावतो."

घरी या फोटोभोवती पाच मिनिटं सगळ्यांनी बसावं, मुलांनाही बसवावं. आणि मग एवढंच करावं: गटात रोज फूल टाकणाऱ्या त्या एका माणसाला फोन करावा. निरोप नाही, फोन. कसे आहात विचारल्यावर 'मजेत' असं उत्तर आलं, तर लगेच ठेवू नये.

आपलेच,
पत्रिका-परिवार, बडोदे